सुमे, तुझ्या पोरी गिटारकडे का येतात

सुमे, फ्लेक्सवर तुझी गिटार कापली गं.

गल्लीच्या तोंडाशी, जिथं कायम कुणाचा तरी वाढदिवस नाहीतर कुणाचं तरी जाणं टांगलेलं असतं, तिथं यावेळी तू लागलीस. वर ठळक अक्षरात श्रद्धांजली, खाली गल्लीतल्या पुढाऱ्यांचे पासपोर्ट फोटो, मधे तू. फोटो तुझ्या गिटारच्या क्लासमधलाच, मान जराशी कललेली, हसू ओठात दाबलेलं. पण तुझ्या थोरल्या भावानं, दत्ताअण्णांनी, स्टुडिओवाल्याला सांगितलं, "गळ्याच्या खालचं काढून टाक. बाईमाणसाचा फोटो हाय, शोभंल असा कर." त्यानं काढलं. गिटार गेली, तिचा पट्टा मात्र खांद्यावर तसाच राहिला. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, बाई पर्स अडकवून बाजारला निघाल्यात. तुझ्या क्लासची सौम्या त्या फ्लेक्सखाली रडत उभी होती, आणि रडता रडता एकदम फस्सकन हसली. मलाही हसू आवरेना. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बघ की, मेल्यावर तरी पर्स मिळाली!"

तुला जाऊन महिना व्हायचाय. मी तुझ्या माडीवरच्या खोलीत बसून हे लिहितेय. खालचे यंत्रमाग चालू आहेत, जमीन पायाखाली थरथरते आहे, आणि भिंतीला ओळीनं गिटारी टेकवलेल्या आहेत. निपाणीला घरी फोन करून सांगितलं, अजून चार दिवस येत नाही. पलीकडून "बरं" आलं. एवढ्यानं सुटका होते हे मला आयुष्यात फार उशिरा कळलं. मी किती कमी बोलते ते तू जाणतेस. तूच म्हणायचीस, "हिच्या तोंडातनं शब्द काढायचा म्हणजे विहिरीतनं घागर काढल्यागत." तर आज घागर वर येऊ दे.

आपलं भांडण एकच होतं आणि ते कधी मिटलं नाही. दिवाळीला, यात्रेला मी माहेरी वडगावला आले की तुझ्या जिन्याखाली चपलांचा ढीग दिसायचा. बारक्या सँडल, कॉलेजच्या मुलींचे बूट, एखादी रबरी स्लिपर. मी वर येऊन म्हणायचे, "एवढ्या पोरी गिटार शिकून काय करणार आहेत गं?"

"वाजवणार."

"आणि मग?"

"मग काय? परत वाजवणार."

मी हट्टाला पेटायचे. म्हणायचे, हे सगळं मोबाइलचं वेड आहे. पोरीनं गिटार घ्यायची, केस मोकळे सोडायचे, अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ टाकायचा, चार मैत्रिणींनी बदाम टाकायचे, की संपलं शिक्षण. पेटी शिकवली असतीस तर निदान भजनाला तरी बसल्या असत्या. तू तारा पिळत हसायचीस. एकदा मात्र चिडलीस. गिटार खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "मला कशाला विचारतीस? त्यांना विचार की. आन् त्यांना विचारायच्या आधी तू का आलतीस ते सांग."

मी तुझ्या आईसमोरची कोथिंबीर ओढून घेतली आणि निवडत बसले. ते उत्तर आजवर निवडायचं राहिलं होतं.

बेळगावच्या कॅम्पातल्या गिटारच्या मिसचा व्हरांडा आठवतो ना? लाल फरशी, वेताची खुर्ची, आणि ती म्हातारी गोव्याकडची मिस, जिचं अर्धं कोंकणी आणि अर्धं इंग्रजी आपल्याला मिळून पाव कळायचं. घरी आपण सांगितलेलं, इंग्लिश टायपिंगचा क्लास लावलाय. मिसनं दिलेली जुनी गिटार दोघींत एक. ती चादरीत गुंडाळायची, मी कॅरिअरवर तिला कवेत घेऊन बसायचे आणि तू उभी राहून पेडल मारायचीस. रेल्वे फाटक पडलं की सगळा रस्ता आपल्याकडे बघायचा. एकदा एका दूधवाल्यानं विचारलं, "काय गं पोरीनू, काय हाय त्यात?" तू वळूनसुद्धा न बघता म्हणालीस, "भोपळा." तो म्हणाला, "एवढा?" तू म्हणालीस, "खानापूरचा हाय." फाटक उघडलं आणि आपण हसून हसून सायकलसकट कडेच्या गटारात जाणार होतो.

तारांनी आपल्या डाव्या हाताची बोटं आधी सोलवटली, मग टोकाशी निबर झाली. तू ती कौतुकानं दाताखाली धरून बघायचीस. मी पदराखाली लपवायचे.

आणि मग निपाणीची माणसं मला बघायला आली.

त्या दिवशी तू आमच्या घरी सकाळपासून होतीस. पोहे तूच केलेस, कारण माझ्या हातचे चिकट होतात. बाहेर मी पाटावर बसलेली. नवऱ्याच्या आत्यांनी माझा हात हातात घेतला, हे बघणाऱ्या बायका नेहमीच करतात, पण आत्यांनी डाव्या हाताची बोटं एकेक करून दाबली. "ही टोकं का गं अशी कडक?" मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "सुताच्या कांड्या भरती ओ. मागाचं घर हाय आमचं, पोरीच्या हाताला उसंत न्हाय." आईला खरंच तसं वाटत होतं की तिनं वेळ मारून नेली, हे मला आजही ठाऊक नाही. आत्या खूश झाल्या. निपाणीत तंबाखूच्या घरात कांड्यांचा काय उपयोग, पण हात कामाचा आहे एवढं त्यांना पटलं. मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "पलीकडल्या आळीतली ती सुमन म्हणं गिटार वाजवायला कॅम्पात जाती. तुझी मैत्रीण काय?"

मी म्हणाले, "वळख हाय. मैत्री न्हाय."

आत कपबशा विसळायचा आवाज थांबला. मग परत सुरू झाला.

तू चहा घेऊन बाहेर आलीस, सगळ्यांना दिलास, आत्यांनी तुला विचारलं नाही तू कोण, आणि तूही सांगितलं नाहीस. संध्याकाळी जाताना माझ्या कानाशी म्हणालीस, "पोहे लई खाल्ले की त्यांनी. ठरलं बघ." ठरलं. लग्नात माझ्या हातावर मेंदी तू काढलीस. मी मिसकडे जायचं सोडलं, तू नाही सोडलंस. तू टायपिंगचं सोंगही टाकून दिलंस. दत्ताअण्णा आरडाओरडा करून दमले, तुझी आई रडून दमली, आणि तू तेवढी दमली नाहीस. आणि इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आले की त्या दिवशी कपबशांच्या आवाजात तुला ऐकू गेलं नसेल.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये नर्सनं मला विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?" मी तोंड उघडेपर्यंत तू उशीवरूनच म्हणालीस, "वळख हाय. मैत्री न्हाय."

आणि हसलीस. एवढं हसलीस की खोकल्याची उबळ आली आणि ती नर्स मला बाहेर काढायला निघाली. मी पलंगाची दांडी धरून उभी. रडायला येत होतं आणि रडायचा मला हक्क आहे की नाही ते कळत नव्हतं. तू माझा हात ओढलास. "ये, बस हितं. इतकी वर्षं त्या एका वाक्यावर मी तुला किती पिडलं असतं, पण तू तोंडच असं करून यायचीस की दया यायची." मग श्वास खालवर होत असताना जे सांगितलंस त्यात आजाराचा शब्द नव्हता. मंडळाकडून गणपतीत अर्धा तास मिळवलास. गल्लीच्या स्टेजवर, सगळ्यांसमोर, तुझ्या पोरी वाजवणार. इतकी वर्षं त्या स्टेजवर बाहेरचा ऑर्केस्ट्रा आणि गल्लीतल्या पोरांचे नाच झाले, पोरींनी फक्त रांगोळी काढली. "मी आसंन नसंन. पोरी वाजवल्या पायजेत. तू बघ."

"मी?" मी म्हणाले. "मला कोण विचारतंय गल्लीत?"

"कुणी विचारायची वाट बघू नको म्हणून तर सांगते."

दिवसकार्य झालं आणि मी निपाणीला न जाता इथं राहिले. पहिल्या दुपारी पोरी जिन्यात चिमण्यांसारख्या दाटून उभ्या होत्या, वर यावं की नाही ते न कळून. मी कुलूप काढलं. त्या आल्या, बसल्या आणि नुसत्या बसून राहिल्या. खालून मागांचा खडखडाट. मी म्हणाले, "वाजवा की." तेजस्विनी, तुझी सगळ्यात मोठी, बारावीतली, म्हणाली, "काकू, वीज जाऊ दे. टीचर तवाच सुरू करायच्या."

तेव्हा मला तुझ्या क्लासचं वेळापत्रक कळलं. माग चालू असताना बोटं बसवायची, नखं कापायची, तारा बदलायच्या, गप्पा मारायच्या. आणि वीज गेली, माग थांबले की लगेच वाजवायला घ्यायचं. अख्खं वडगाव वीज यायची वाट बघतं, आणि तुझ्या पोरी जायची. त्या दुपारी वीज गेली तेव्हा खाली दत्ताअण्णा कपाळाला हात लावून "ह्येच्या आयला" म्हणाले, आणि वर सगळ्या एकदम सरसावून बसल्या. मागांचा आवाज बंद झाल्यावर जी शांतता झाली, तिच्यात पहिली तार वाजली. सुमे, मी दरवेळी सणालाच आले. सणाला माग बंद असतात आणि क्लासही, पोरी यायच्या त्या नुसत्या गप्पांना. तुझा क्लास मी कधी ऐकलाच नव्हता.

मग मी विचारलं. तू सांगितलं होतंस, म्हणून. रोज एकीला, दोघींना, तारा पुसताना, जिन्यात चपला घालताना.

तेजस्विनी म्हणाली, "खरं सांगू काय? घरात मी कायपण केलं तरी त्यातलं सगळ्यांना कळतंय. भाकरी थापली की आज्जी म्हणती, कड जाड झाली. रांगोळी काढली की आई म्हणती, ठिपका चुकला. गाणं म्हटलं की पप्पा म्हणतात, वर चढलीस, खाली घे. गिटारीतलं आमच्या घरात कुणाला म्हणजे कुणाला काय कळत न्हाय. मी चुकले तरी त्यांना वाटतंय, हे असंच असतंय." आणि डोळे मिचकावून म्हणाली, "एवढी एकच जागा हाय काकू, जिथं माझी चूक मलाच सापडती."

सौम्याच्या घरात कन्नड, गल्लीत मराठी, कॉलेजात इंग्लिश. ती म्हणाली, "तोंड उघडलं की कोण ना कोण हसतंय. मराठी बोलले की तुम्ही हसता, कन्नड बोलले की गावाकडचे मामा हसतात, म्हणं तुझं कन्नड बेळगावी. ह्याच्यावर बोट ठेवलं की कोण विचारत न्हाय, कुठली तू."

पूजा नर्सिंग शिकते, जांबोटीकडनं बसनं येते. तिचं कारण ऐकून मी चहा सांडला. "बसमध्ये पोरगी उभी राहिली की माणसं अंगावर येतात, काकू. पाठीला गिटारची ही एवढी पेटी असली की बाजूला सरकतात. म्हणतात, लागंल, लागंल. त्यांना वाटतं गिटारीला लागंल. पण जागा मला मिळते." सुरुवातीला ती नुसती रिकामी पेटी घेऊन फिरायची म्हणे. मग वाटलं, आता पेटी हाय तर आत काहीतरी असावं.

अश्विनी सून आहे, दोन लेकरांची आई. तिनं सासूला सांगितलंय, मुलाच्या शाळेत संगीत आहे, घरी शिकवायला लागतं म्हणून मी आधी शिकते. मी म्हणाले, "आणि खरं?" ती म्हणाली, "घरात मला सगळी 'अगं' म्हणतात. टीचर 'अश्विनी' म्हणायच्या." बास, एवढंच.

पाचवीतली ओवी गिटार पोटाशी धरून म्हणाली, "ह्यात गुदगुल्या हायत. हात लावून बघा." मी हात लावला. तिनं जाड तार छेडली. लाकूड खरंच थरथरलं, तिचं पोटही.

आणि मागच्या कोपऱ्यातल्या एकीनं, नाव सांगत नाही, मी वचन दिलंय, सांगितलं, "एक पोरगं होतं काकू. त्याला इंप्रेस करायला आलते. त्याला कळलंच न्हाय कधी. आता त्याचं लग्न झालं, आन् माझी ती अवघड एफ कॉर्ड बसली." सगळ्या खिदळल्या. म्हणजे माझंही थोडं बरोबर होतं बघ. व्हिडिओसाठी आलेल्याही होत्या, बदामांसाठीही. पण बोटं सोलवटल्यावरही टिकल्या त्या वेगळ्याच कशासाठी तरी टिकल्या.

शेवटी ओवीनं मला विचारलं, "तुमी का आलता?" तिला कुणी सांगितलं होतं की मीही कधीतरी शिकायचे, बहुतेक तूच. मी त्या पोरीला सांगितलं, आणि आता तुला सांगते. आमच्या घरात माझ्या हातांनी जे केलं ते कुणाच्या तरी उपयोगाचं होतं. कांड्या मागाला, भाकऱ्या ताटाला, धुणं सगळ्यांना. मला हातात असं काहीतरी हवं होतं, जे कुणाच्याच उपयोगाचं नाही. तुझ्याबरोबर त्या व्हरांड्यात बसून एक कॉर्ड नीट वाजली की तिचा घरात कुणालाच फायदा नसायचा, आणि मला इतका आनंद व्हायचा की भीती वाटायची. त्या भीतीनंच मी पळाले, सुमे. आत्यांचं निमित्त झालं. तुझं नाव मी टाकलं, कारण तुझं नाव घेतलं असतं तर मला हेही कबूल करावं लागलं असतं.

ओवीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आता शिका की."

एवढं सगळं होईपर्यंत मंडळाची बैठक लागली. मांडवाचे बांबू उभे राहिले होते, खाली सतरंजी. अध्यक्ष मारुतीअण्णा, चांगला माणूस, डोळे पुसत म्हणाले, "सुमनआक्का लई चांगली बाई. गल्लीचं नाव केलं. तर आपण असं करूया, पोरींचा कार्यक्रम यंदा नको. त्याच वेळेला सगळ्यांनी उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळूया."

माना हलल्या. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हीच अडचण होती. आयुष्यभर जिनं गल्लीत आवाज केला तिला मान द्यायचा म्हणून सगळे मिळून तिचा आवाज बंद करत होते. दत्ताअण्णा बसल्या जागेवरून म्हणाले, "घरात वर्षभर सण न्हाय. आन् तिच्याच पोरी स्टेजवर चढून वाजवणार? लोकं काय म्हणतील, टीचर मेली, ह्या नाचायल्यात." मांडवाच्या कडेला तेजस्विनी आणि सौम्या उभ्या होत्या. सौम्याचा चेहरा पडला. तेजस्विनीनं माझ्याकडे बघितलं.

मी उठले. उठल्यावर कळलं की काय बोलायचं ते ठरवलंच नाही. कमिटीतला एक तरुण म्हणाला, "तुमी कोण ओ? निपाणीच्या पावण्या न्हवं?"

मी म्हणाले, "मी सुमनची मैत्रीण. तिच्याबरोबर गिटार शिकलेली."

दत्ताअण्णांनी मान वर केली. "तू? तू तर टायपिंगला जात होतीस."

"न्हाय अण्णा," मी म्हणाले. "टायपिंगच्या क्लासचं दारसुद्धा मी कधी बघितलेलं न्हाय."

एक क्षण कुणालाच काही कळलं नाही. मग मागच्या बायकांतनं कुणीतरी खुदकन हसलं, मग दुसरं, मग मारुतीअण्णांचंही पोट हलायला लागलं. "म्हंजे इतकी वर्षं..." दत्ताअण्णा म्हणाले. "म्हंजे ती चादरीतली..." मी म्हणाले, "व्हय. भोपळा." आणि मग ते हसले, सुमे. तुझे दत्ताअण्णा. हसता हसता त्यांनी टोपी काढली, तोंडावर धरली, आणि टोपीमागं बराच वेळ खांदे हलत राहिले. ते हसणं नव्हतं.

मग मी बोलले. लांब नाही. म्हणाले, तिनं आजारपणात माझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही. ह्या पोरी नाचायला चढत नाहीत, तिनं शिकवलेलं गल्लीला दाखवायला चढतात. शांतता दोन मिनिटं पाळू, पण अर्धा तास तिचा आहे, तो तिला द्या. म्हणाले, तुम्हाला द्यायचा नसेल तर मी ह्याच रस्त्यावर सतरंजी टाकून त्यांना बसवीन. हे शेवटचं कुठून आलं, देव जाणे. माझा आवाज इतका मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं.

दत्ताअण्णांनी टोपी परत डोक्यावर घातली. कुणाकडे न बघता म्हणाले, "वाजवा. पण रडगाणं नको. तिला रडगाणं आवडत न्हवतं. आन् वाजवायचं तर नीट वाजवा."

पुढचे दिवस कसे गेले सांगू? दत्ताअण्णा वीज असतानाही माग बंद करायला लागले. विचारलं की म्हणायचे, मोटरचा पट्टा गरम झालाय. खोलीची किल्ली त्यांनी तेजस्विनीच्या हातात दिली आणि बारक्यांना तू शिकव म्हणाले. मी दर शनिवारी निपाणीहून येणार आहे. घरी सांगितलं. कशासाठी तेही सांगितलं, टायपिंगचं नाव न घेता.

आणि तो दिवस आला. मांडव भरलेला, खुर्च्या संपल्या, बायका खाली पदर सावरून बसल्या, पोरं कंपाउंडवर चढली. दोन मिनिटं शांतता झाली, खरीखुरी. मग तुझ्या पोरी ओळीनं बसल्या, ओवी सगळ्यात पुढं, तिचे पाय खुर्चीवरून लोंबकळत. पहिलं गणपतीचं वाजवलं. लोकांनी टाळ्या दिल्या, चांगल्या पोरींना देतात तशा. पण दुसरं तू स्वतः बसवलेलं होतं, त्याला तू नाव दिलं नव्हतंस, आणि ते सुरू झाल्यावर चार ओळींतच मांडवातली कुजबुज थांबली. उजव्या हातानं तारा दाबून तेजस्विनीनं जो ठेका धरला तो मागाचा होता. धोटा इकडनं तिकडं, तिकडनं इकडं. त्यावर बाकीच्यांचे सूर एकेक करून सुतासारखे येत गेले. पुढं बसलेले म्हातारे विणकर, ज्यांना गिटार म्हणजे काय ते माहीत नाही, त्यांची मान आपोआप हलायला लागली. शेजारचा एक आजोबा म्हणाला, "आरं, हा तर आपलाच माग की." मधेच पूजाची तार तुटली, टण्णकन. तिनं एकदा बघितलं आणि उरलेल्या पाचांवर पुढं गेली. गल्लीला वाटलं, असंच असतंय.

तिसरं संपलं तेव्हा सौम्याची आज्जी उभी राहून ओरडली, "भाळ छलो! भाळ छलो!", म्हणजे लई भारी, आणि मग सगळा मांडवच ओरडायला लागला, मराठीत, कन्नडमध्ये, नुसताच. बायका उभ्या राहिल्या. अश्विनीच्या सासूनं शेजारणीला हलवून सांगितलं, "ती बघा, आमची अश्विनी!" कंपाउंडवरची पोरं शिट्ट्या मारत होती. "अजून एक! अजून एक!"

पोरींनी एकमेकींकडे बघितलं. तेजस्विनी माइककडे वाकली. घसा खाकरला आणि म्हणाली, "आमाला तीनच येतात."

हशा पिकला. तेवढ्यात मागनं, खांबाजवळनं, एक घोगरा आवाज आला, "मग दुसरंच परत वाजवा की!"

मी वळून बघितलं. दत्ताअण्णा होते. हात उंच करून टाळ्या वाजवत होते.

मारुतीअण्णा आरतीचं ताट घेऊन, निरांजन पेटवून स्टेजच्या पायरीवर येऊन उभे होते. पुजाऱ्यानं काहीतरी कानात सांगितलं. मारुतीअण्णांनी ताट बाजूच्या टेबलावर ठेवलं, ज्योतीवर हाताचा आडोसा धरला आणि स्टेजकडे हात केला. "वाजवा गं पोरीनू. देव काय पळून जातोय व्हय?"

तेजस्विनीनं पायानं ठेका दिला आणि सगळ्या माना एकदम खाली वळल्या.

आपल्या गल्लीत त्या दिवशी आरती उशिरा झाली, सुमे.